बाहेरचा पॉइंट, कूलर आणि काळी माती : वर्धा जिल्ह्यातील वीजगळतीच्या प्रश्नाचा आढावा

घराच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, गच्चीवर किंवा अंगणातल्या बोअरजवळ बसवलेल्या पॉइंटमुळे घरातली वीज वारंवार जाते, म्हणजे बोलीत सांगायचे तर खटका ‘पडतो’, या तक्रारीचे वर्धा जिल्ह्यात दोन हंगाम आहेत. पहिला हंगाम मार्चअखेरीस कूलर माळ्यावरून उतरतात तेव्हा सुरू होतो आणि नवतपा सरेपर्यंत चालतो. दुसरा मृगाचे पाणी भिंतीत मुरू लागले की सुरू होतो आणि दिवाळीच्या माळा उतरेपर्यंत रेंगाळतो. दोन्ही हंगामांत पडणारा खटका तोच असला तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात, आणि मे महिन्यात मुळीच न पडणारा खटका हा जुलैत रोज पडणाऱ्या खटक्यापेक्षा पुष्कळदा अधिक धोक्याचा असतो, हे या प्रश्नाचे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे.

खटका पडला असे म्हणताना नेमके काय पडले, याचा निर्णय आधी करावा लागतो, कारण घराच्या बोर्डात दिसायला सारखी पण कामाने भिन्न अशी दोन उपकरणे असतात. एमसीबी ही जादा प्रवाह ओळखते : तिच्यातली दोन धातूंची पट्टी जादा भाराने तापून वाकते तेव्हा ती सावकाश तुटते, आणि शॉर्टसर्किट झाले तर आतल्या चुंबकीय वेटोळ्यामुळे ती क्षणात तुटते. आरसीसीबी, जिला दुकानदार आणि वायरमन आजही सर्रास जुन्या ‘ईएलसीबी’ या नावानेच ओळखतात, ती प्रवाह किती आहे हे पाहतच नाही; फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही, एवढेच ती तोलते. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात, जाणारा आणि येणारा प्रवाह समान असेपर्यंत त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतात, आणि काही प्रवाह ओल्या भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की तोल ढळून खटका पडतो. दोहोंतला फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते आणि एमसीबीवर ते नसते. ज्या जुन्या घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत, आणि त्यांत फ्यूजतारेऐवजी तांब्याचे तीन-चार धागे पिळून घातलेले आहेत, तिथे काहीच पडत नाही. तिथे थेट वायर जळते.

गळती मोजून वीज तोडण्याची कल्पना ज्या संशोधनावर उभी आहे, त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांचे काम पायाभूत मानले जाते. हाताची मूठ प्रवाहाने आवळली गेल्यावर माणसाला ती सोडवता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिॲम्पिअर असल्याचे त्यांनी मोजून दाखवले, आणि १९६१ मध्ये घरगुती गळती-खंडकाची रचना मांडली. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घराबाहेरच्या सॉकेटांना असे संरक्षण सक्तीचे होऊ लागले, म्हणजे बाहेरचा पॉइंट हा आतल्या पॉइंटपेक्षा वेगळ्या दर्जाचा धोका आहे हे तेव्हाच मान्य झाले होते. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षितता व वीजपुरवठाविषयक २०२३ च्या विनियमांनुसार घरगुती जोडणीसाठी गळतीची कमाल मर्यादा ३० मिलिॲम्पिअर आहे. मात्र २५० व्होल्टपर्यंतच्या आणि २ किलोवॅटहून कमी भाराच्या जोडण्यांना या अटीतून सूट आहे, आणि दोन खोल्या, दोन पंखे, एक टीव्ही व एक कूलर एवढेच सामान असलेले घर नेमके या सुटीत बसते. ज्या घरात पत्र्याचा कूलर आहे आणि पक्के अर्थिंग नाही, त्याच घराला गळती-खंडकाची सक्ती नसावी, ही नियमाची उलटी बाजू म्हणावी लागेल.

पहिल्या हंगामाचा विचार कूलरपासूनच सुरू करावा लागतो, कारण विदर्भात बाहेरचा पॉइंट ही बहुतांशी कूलरचीच सोय असते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला कूलर दिवसरात्र चालतो. त्याची टाकी, जाळी आणि दरवाजे पत्र्याचे, ताट्या ओल्या, पायाखालची जमीन ओली आणि पाणी भरणारे हातही ओले. त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा घटक म्हणजे टाकीच्या तळाशी बुडवलेला छोटा पंप. त्याची वेटोळी राळेसारख्या पदार्थात ओतून बंद केलेली असतात आणि सभोवतीचे पाणीच त्याला थंड ठेवते. दुपारी टाकी आटली आणि पंप तासभर कोरडा फिरला की ती राळ तापून तडकते, आणि संध्याकाळी टाकी भरल्यावर त्या बारीक तड्यातून पाणी वेटोळ्यापर्यंत पोचते. म्हणूनच ‘कूलर सकाळी नीट चालला, पाणी टाकल्यावरच पडला’ या वाक्यात निदान जवळजवळ पूर्ण झालेले असते. बोअरचे पाणी जड असेल तर ताट्यांवर जो पांढरा क्षार साचतो तोच पंपाच्या वायरीच्या सांध्यावरही साचतो, आणि टाकीत लोंबणारा टेप गुंडाळलेला सांधा अशा क्षारट पाण्यात काही दिवसही टिकत नाही. पंपाची वायर टाकीच्या बाहेर पडते तिथे पत्र्याची कड तिला घासत असते. पंख्याच्या थरथरीने ती रोज थोडी थोडी सोलली जाते, आणि तांबे पत्र्याला टेकले की कूलरच्या बॉडीला करंट येतो.

उन्हाळ्यात एमसीबी पडण्याची कारणे त्यामानाने साधी आहेत. कूलर साधारण २०० वॅटचा, म्हणजे जेमतेम १ ॲम्पिअरचा असतो, त्यामुळे त्याच्या नुसत्या भाराने १६ ॲम्पिअरची एमसीबी पडत नाही. ती पडली तर मोटार अडकली आहे, वायर शॉर्ट झाली आहे किंवा त्याच पॉइंटवर आणखी काही जोडलेले आहे असे समजावे. एमसीबीची मोजणी ३० अंश तापमान गृहीत धरून केलेली असते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीत दुपारी चार वाजता त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते, म्हणून ती ठरलेल्या प्रवाहाच्या अलीकडेच तुटते. फक्त दुपारी पडणारी आणि रात्री टिकणारी एमसीबी पुष्कळदा याच कारणाने पडते; अशा वेळी मोठी एमसीबी बसवण्यापेक्षा पेटी सावलीत नेणे आणि सैल स्क्रू आवळणे योग्य ठरते.

खरी अडचण मात्र मातीत आहे. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या भागांत वर्धा आणि वणा नद्यांच्या आसपास खोल काळी कापसाची जमीन आहे, तर आर्वी, आष्टी, कारंजा या उत्तरेकडच्या तालुक्यांत बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ असून खाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेव्हा ती वीज चांगली वाहून नेते; उन्हाळ्यात तीच आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा पाइप मातीपासून सुटा पडतो. मुरमाड जमिनीत तर विजेला होणारा रोध वर्षभरच जास्त असतो. म्हणजे कूलर सर्वांत जास्त चालतो त्या दिवसांतच त्याचे अर्थिंग सर्वांत निकामी झालेले असते.

हा हिशेब आकड्यांत मांडला की त्याचे गांभीर्य कळते. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल आणि फेज थेट कूलरच्या पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह २३ ॲम्पिअर होतो. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला हा किंचित जादा भार वाटतो आणि तो तोडायला तिला तासभरही लागू शकतो. भेगाळलेल्या जमिनीत हाच रोध ५० ओहमवर गेला तर प्रवाह ४.६ ॲम्पिअर होतो, जो एमसीबी कधीच तोडणार नाही. कूलर चालू राहील, हवा गार येईल, पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब उभा राहील आणि जमिनीत वाहून जाणारी वीज दिवसाला २५ युनिटांच्या घरात मीटरवर चढत राहील. बिल अचानक वाढले म्हणून मीटरवर संशय घेणाऱ्याने आधी कूलरच्या अर्थवायरवर क्लॅम्प मीटर लावून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे आहे. उलट ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी असेल तर अर्थिंगचा रोध १,००० ओहम झाला तरी २३० मिलिॲम्पिअर गळती होते आणि तिला वीज तोडायला ती पुरून उरते. अर्थवायर मुळातच नसेल, म्हणजे तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेला असेल, तर गळतीला वाटच उरत नाही. पत्रा जिवंत राहतो, खटका शांत असतो, आणि ती वाट पहिल्यांदा तयार होते ती पाणी भरायला आलेल्या माणसाच्या अंगातून. आरसीसीबी असेल तर तेव्हाही ती क्षणार्धात तुटून जीव वाचण्याची शक्यता मोठी असते; नसेल तर ओल्या हातापायांतून जाणारा प्रवाह प्राणघातक मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने मृत्यू होतात आणि महावितरण दरवर्षी तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, असे आवाहन करते, त्यामागचे कारण हेच आहे.

पावसाळ्यात चित्र पालटते. माती ओली झाल्याने अर्थिंग सुधारते, पण भिंत, पाइप आणि बोर्ड यांतले निरोधन, म्हणजे वीज बाहेर पडू न देणारे आवरण, कमजोर होते. गळतीला आता चांगली वाट मिळते आणि आरसीसीबी वारंवार पडू लागते. काळ्या जमिनीवरच्या घरांना तडे जातात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या तड्याबरोबर भिंतीत पुरलेल्या प्लास्टिकच्या पाइपाचा सांधाही सुटतो, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. त्या सांध्यातून शिरलेले पाणी पाइपातच साचते आणि सोललेल्या वायरीला भेटते. गच्चीवर उघड्या तोंडाने सोडलेला पाइप तर पन्हाळीचेच काम करतो : पाऊस वर पडतो आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या बोर्डातून ठिबकते. सेवाग्रामच्या बापूकुटीने जी माती-बांबू-कौलांची बांधणी जगाला परिचित केली, तशा मातीच्या भिंती गावोगावी अजून उभ्या आहेत, आणि त्यांवर लाकडी फळी न लावता थेट ठोकलेला बोर्ड श्रावणभर ओलाच राहतो. यात किड्यांचाही वाटा असतो. कुंभारमाशी सॉकेटच्या भोकांत चिखलाचे घर बांधते. ते कोरडे असते तोवर त्रास होत नाही, ओल धरली की त्यातूनच फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बारीक गळती सुरू होते. मुंग्यांचे वारूळ आणि पालीचा सांगाडा या वायरमनच्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टी आहेत.

बाहेरच्या सॉकेटवर ‘आयपी’ ही अक्षरे आणि दोन आकडे छापलेले असतात, त्यांतला पहिला धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. ५५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारे, ४४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारे. पण हे संरक्षण बहुतेक स्वस्त सॉकेटांत झाकण मिटलेले असतानाच मिळते, आणि कूलरचा किंवा मोटारीचा प्लग आत असताना झाकण अर्धवट उघडे राहते, म्हणजे ज्या वेळी संरक्षण हवे त्याच वेळी ते नसते. प्लग आत असतानाही मिटणारे खोल झाकण थोडे महाग पडते, तरी बाहेरच्या पॉइंटला तेच बसवावे. वायर पेटीत वरून न आणता खालून आणावी आणि आत शिरण्याआधी तिला एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. या उपायाला पैसाही लागत नाही.

सगळ्यांत चकवणारा दोष न्यूट्रलचा असतो. बाहेरच्या पॉइंटवर काहीच जोडलेले नाही, त्याचे बटणही बंद आहे, तरी घरात इस्त्री किंवा गीझर लावला की आरसीसीबी पडते, अशी तक्रार आली की बहुधा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असतात. इस्त्रीचा प्रवाह परतताना त्याचा काही भाग न्यूट्रलऐवजी अर्थमधून जातो, तोल ढळतो आणि खटका पडतो. भार जितका मोठा तितका ढळ मोठा. घरातल्या साध्या एमसीबी आणि बटणे फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच ठेवतात, त्यामुळे दोषी मार्गाची एमसीबी खाली केली तरी हा दोष सुटत नाही आणि वायरमन आरसीसीबीच खराब असल्याचा निष्कर्ष काढतो. काही ठिकाणी असा जोड अपघाताने नव्हे तर मुद्दाम केलेला असतो : अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मोठ्या पिनेला न्यूट्रलची तार जोडून ‘अर्थिंग दिले’ असे सांगितले जाते. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर अशा जोडणीत कूलरचा सगळा पत्रा फेजच्या दाबाने भरतो. आरसीसीबी बसवल्यावर हे बिंग फुटू शकते, आणि बिंग फुटले म्हणून आरसीसीबीच काढली जाते.

प्रत्येक वेळी एकच मोठा दोष असतो असेही नाही. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही तुटू शकते, आणि संगणक, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन यांच्या आतील गाळण्यांतून थोडी थोडी गळती कायम होतच असते; त्यात बोअरच्या मोटारीच्या जुन्या केबलची आणि ओल्या बाहेरच्या सॉकेटची भर पडली की मर्यादा ओलांडली जाते. अशा घरात प्रत्येक उपकरण वेगळे तपासले तर निर्दोष निघते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की पडणारा आणि लगेच उचलला जाणारा खटका हा बहुधा तारांवरच्या क्षणिक दाबाचा परिणाम असतो, त्याची फार चिंता करू नये.

दोष शोधण्याचा क्रम त्यामुळे असा ठरतो : काय पडले हे पाहावे, कधी पडले हे आठवावे, मग बाहेरच्या सगळ्या पॉइंटवरचे प्लग केवळ बटण बंद करून न थांबता उपसून काढावेत आणि खटका उचलून पाहावा. तो टिकला तर उपकरणे एकेक करून जोडावीत. कूलर असेल तर आधी पंपाशिवाय नुसता पंखा, मग पंप. घरातलेही सगळे प्लग काढून खटका टिकला नाही तर दोष वायरिंगमध्ये आहे, आणि तिथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे आहे, कारण त्याला मेन बंद करून त्या मार्गाचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवावे लागतात आणि मेगरने ५०० व्होल्टवर निरोधन मोजावे लागते. ते १ मेगाओहमच्या खाली असेल तर तो मार्ग वापरू नये. टेस्टरचा दिवा हा अशा तपासणीचा पर्याय होऊ शकत नाही. तो फेज आहे एवढेच सांगतो, गळती किती आहे हे सांगत नाही.

वारंवार पडणाऱ्या खटक्यावर जिल्ह्यात सर्रास वापरला जाणारा उपाय ‘डायरेक्ट’ करणे हा आहे, म्हणजे आरसीसीबी वगळून तार सरळ जोडणे. लग्नाच्या मांडवात, दुर्गोत्सवाच्या मंडपात किंवा रोवणी-पेरणीच्या घाईत त्यामागची निकड समजू शकते, परंतु त्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्याऐवजी बाहेरच्या पॉइंटना एक स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे गळती आणि जादा भार दोन्ही ओळखणारे एकत्रित उपकरण, लावले तर बाहेरच्या दोषाने घर अंधारात जात नाही आणि डायरेक्ट करण्याचा मोहही उरत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरण्याची जुनी पद्धत आजही चालते, पण त्याच्या तोंडावरचे नरसाळे शोभेचे नसते : चैत्रापासून आठवड्यातून एकदोनदा त्यात बादलीभर पाणी ओतले पाहिजे, आणि मीठ पाइपालाही खाते म्हणून काही वर्षांनी तो उकरून पाहिला पाहिजे.

कूलर मांडण्याच्या दिवशी ताट्या बदलण्याआधी आरसीसीबीचे ‘टी’ बटण दाबून पाहावे. बटण दाबल्यावर खटका पडला नाही तर ती बदलेपर्यंत कूलर लावू नये. आणि पडला तरी त्यावरून फक्त खटका शाबूत असल्याचे कळते, अर्थिंगची परीक्षा त्या बटणाने होत नाही, ती वायरमनकडून मीटर लावूनच करून घ्यावी.